ड्रायर फिरतो पण गरम होत नाही: थर्मोस्टॅट बदलायचा की ‘डायरेक्ट’ करायचा?

त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सहा किलोचा व्हेंटवाला ड्रायर आहे. वॉशिंग मशीन वेगळं, हा वेगळा. घेऊन सातेक वर्षं झाली. नागपुरात मे महिन्यात दोरीवरचा कपडा बघता बघता कडक होतो, त्यामुळे वर्षातला बराच काळ ड्रायर झाकलेलाच असतो. त्याची खरी गरज जुलै-ऑगस्टच्या झडीत. यंदा धाकटी बहीण बाळंतपणाला आली आहे. दुपटी, लंगोट, झबली, टॉवेल असा रोजचा ढीग निघतो, आणि बाहेर सूर्याचा पत्ता नाही.

आता ड्रम फिरतो, पंख्याचा आवाज येतो, टायमरही सरकतो, पण आतली हवा गार ती गारच. त्याआधी काही दिवस वेगळंच चाललं होतं. कपडे वाळायला दुप्पट वेळ लागायचा, आणि दार उघडलं की कपडे दमट असूनही हाताला चटका बसेल इतके तापलेले असायचे.

मेकॅनिक येऊन गेला. मागचं झाकण काढलं, जरा चाचपलं आणि म्हणाला, “थर्मोस्टॅट गेला. याचा पार्ट आता येत नाही. दोन वायरी जोडून डायरेक्ट करून देतो, चालते.” मी नको म्हटलं. घरात तान्हं बाळ आहे, आणि उष्णता आवरणारी वस्तूच काढून टाकायची हे काही पटलं नाही.

हा पार्ट खरंच मिळत नाही का? मिळत असेल तर नागपुरात कुठे? आणि थर्मोस्टॅटच गेला आहे हे नक्की कसं कळावं? माझा भाऊ घरातलं वायरिंग, स्विच, पंखे स्वतः करतो, त्याच्याकडे मल्टीमीटरही आहे. त्याला हे जमण्यासारखं आहे का?

संत्रानगरी

सेमी-ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या टबाबद्दल विचारत असाल तर त्यात हीटर नसतोच, तो नुसता पिळतो.

त्रिमूर्तीनगर

नाही हो, हा वेगळा ड्रायर आहे. हीटर आहे, मागून चार इंची पाइप निघतो आणि बाल्कनीच्या भिंतीतून बाहेर जातो.

वाइंडिंगवाला

ताई, नाही म्हटलं ते बेस केलं. मिक्सर, गिझर, कूलर, मशीन, सारं दुरुस्त करण्यात माझी उमर गेली. डायरेक्ट केलेल्या वस्तू माझ्या टेबलावर येतच राहतात, आणि त्या कोणत्या हालतीत येतात ते मी पाहून राहिलो.

डायरेक्ट केलं की मशीन त्याच दिवशी चालते, गिऱ्हाईक खूश होते. पण मशीन काऊन बंद पडली होती हे कोणी विचारत नाही. तुम्ही लिहिलं नं, आधी कपडे दमट पण चटका बसणारे निघत होते? सारं त्यातच आलं. ड्रायरमध्ये गरमीइतकंच वाऱ्याचं काम असते. हवा हीटरवरून ड्रममध्ये जाते, कपड्यातला ओलावा घेते, दारातल्या जाळीतून ब्लोअरकडे येते आणि पाइपानं बाहेर पडते. ही वाट कुठं तुंबली की ओलावा आतच फिरत राहते, अन् हीटरची गरमी हीटरपाशीच साचते. मग थर्मोस्टॅट सप्लाय तोडते, गार झालं की जोडते, पुन्हा तोडते. अशी तोडजोड करून करून त्याचे पॉइंट जळतात.

आता आत काय काय असते ते सांगतो. ब्लोअरपाशी एक चालवणारा थर्मोस्टॅट असते, तो रोजचं तापमान धरून ठेवते. हीटरच्या डब्यावर दुसरा असते, हाय-लिमिटवाला. तो एरवी काही करत नाही, गरमी हद्दीबाहेर गेली तरच तोडते. अन् बहुतेक मशिनींत त्याच्या बाजूला थर्मल फ्यूज असते. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखा तो एकदाच कामी येते, उडाला की नवीनच टाकावा लागते. या तिघांपैकी एकही तुटला तर हीटरला करंट जात नाही. काही मशिनींत फ्यूज मोटरच्या लाइनमध्येही असते, मग ड्रमसुद्धा फिरत नाही. तुमचा फिरून राहिला, म्हणजे दोष हीटरच्या लाइनीत आहे.

पार्ट मिळते. आधी तपासून घ्या, मग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जा.

झिरोमाइल

वाइंडिंगवाला काकांनी मुख्य मुद्दा सांगितलाच आहे. मी तपासणीचं लिहितो, तुमच्या भावासाठी.

आधी पिन सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बऱ्याच घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात, मग बटण बंद असूनही आत करंट असतो. मोटरला कपॅसिटर असेल तर त्याचे दोन टोक रेझिस्टरने जोडून रिकामा करा, पिन काढल्यावरही त्यात चार्ज उरतो. मशीन तासभर गार होऊ द्या. आणि वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, जवळून आणि लांबून दोन्ही. जोडताना त्या फोटोइतकं दुसरं काही कामाला येत नाही.

मागच्या झाकणावर किंवा हीटरच्या डब्यावर एखादं छोटं बटण दिसतं का ते पाहा. काही ड्रायरमध्ये हाय-लिमिट थर्मोस्टॅट हाताने रीसेट करायचा असतो. ते बटण दाबल्यावर ‘टक’ असा आवाज आला तर पार्ट चांगला असू शकतो, तो फक्त उडालेला होता. पण तरी का उडाला हे शोधावंच लागेल.

मग मल्टीमीटर. तो बीपवर ठेवा, म्हणजे वाट सलग जोडलेली असेल तर वाजतो. ज्या पार्टची तपासणी करायची त्याची किमान एक वायर काढूनच प्रोब, म्हणजे मीटरच्या सुया लावा, नाहीतर मीटर दुसऱ्या वाटेने रीडिंग दाखवेल आणि तुम्ही चांगला पार्ट फेकाल किंवा खराब ठेवाल. गार असताना हाय-लिमिट आणि थर्मल फ्यूज दोन्ही जोडलेले असायला हवेत, म्हणजे बीप वाजायला हवा, रीडिंग शून्याच्या आसपास. बीप नाही तर पार्ट गेला. चालवणाऱ्या थर्मोस्टॅटचंही तसंच. त्याला आतला छोटा हीटर असेल तर चार टोकं दिसतील, त्यातली मोठी दोन मोजायची.

हीटरही मोजा. दोन हजार वॉटचा असेल तर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो आणि गार असताना २६ ओहमच्या आसपास दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे आणि थर्मोस्टॅट बदलून काही होणार नाही. शेवटी एक प्रोब हीटरच्या टोकाला आणि दुसरा मशीनच्या पत्र्याला लावा. तिथे काहीही रीडिंग येता कामा नये. आलं तर कॉइल खाली लोंबून पत्र्याला टेकली आहे, मशीनला हात लावू नका.

हिंगणारोड

एवढं घाबरण्यासारखं काही नाही. आमचा ड्रायर दोन पावसाळे डायरेक्टच चालून राहिला. घरात एमसीबी आहे, ईएलसीबी आहे. काही झालं तर ट्रिप होईल नं. थर्मोस्टॅट शोधत बसण्यात पाऊस निघून जाईल.

झिरोमाइल

हिंगणारोड, तुमचा प्रश्न नीट घेण्यासारखा आहे, कारण असं वाटणारे पुष्कळ जण आहेत.

एमसीबी करंट बघते, तापमान बघत नाही. तुमचा हीटर हवा नीट वाहत असताना जेवढा करंट घेतो, जवळपास तेवढाच पाइप पूर्ण तुंबलेला असतानाही घेतो. म्हणजे हीटरचा डबा लाल झाला तरी एमसीबीच्या दृष्टीने सगळं नेहमीसारखंच चाललेलं असतं. ईएलसीबी किंवा आरसीसीबी गळणारा करंट बघते, घरगुती असेल तर ३० मिलीअँपिअरची. कपड्यांतून सुटून आत साचणाऱ्या कापसाच्या भुशाला आग लागली तर त्यात करंट गळत नाही. आग वायरीपर्यंत पोचून इन्सुलेशन जळालं की मग ट्रिप होईल, तोवर उशीर झालेला असतो.

घरातल्या सगळ्या संरक्षणात तापमानावर नजर ठेवणारी वस्तू एकच आहे, ती हीटरच्या डब्यावर बसवलेली चकती, म्हणजेच हाय-लिमिट थर्मोस्टॅट. तुमच्याकडे ती नाही. दोन पावसाळे निभावलं ते जाळी आणि पाइप मोकळे होते म्हणून. ज्या दिवशी पाइप दबेल त्या दिवशी हीटर बंद करणारं कोणी नाही. कृपा करून ती जोडणी काढा. इतर ठिकाणी दुरुस्ती नंतर केली तर चालते, ही नंतरवर टाकण्यासारखी नाही.

वाइंडिंगवाला

बरोबर. अन् भाऊ, जिथं मशीन ठेवली तिथं वरती काय आहे ते पण पाहा. लोक वर कपड्यांचा ढीग, जुने पेपर, टर्पेंटाइनचा डबा ठेवतात.

महाल_काकू

त्रिमूर्तीनगर, दुरुस्ती होईस्तोवर बाळाचे कपडे असे वाळव. मशीनमध्ये शेवटचा स्पिन हजार-बाराशेवर दोनदा फिरव, निम्मं काम तिथंच होतं. मग एका खोलीत आडव्या दोऱ्या बांध आणि डेझर्ट कूलर आत आण. त्याच्या खसच्या ताट्या काढ, टाकीत पाणी नको, पंप बंद, नुसता पंखा. एक खिडकी फटभर उघडी ठेव म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. लंगोट शेवटी इस्त्रीने कोरडे कर. आमच्या घरी तीन बाळंतपणं अशीच झाली आहेत.

बाळंतिणीच्या खोलीत मात्र ओले कपडे लावू नको, खोली कोंदट होते.

त्रिमूर्तीनगर

काकू, लगेच केलं. कूलरने खूपच फरक पडला, मनापासून धन्यवाद.

भावाने काल ड्रायर उघडला. सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणाला उपयोग होईल.

रीसेटचं बटण कुठेच नाही. हीटर २७ ओहम, पत्र्याला काही रीडिंग नाही. थर्मल फ्यूजला बीप. ब्लोअरजवळच्या थर्मोस्टॅटलाही बीप. हीटरच्या डब्यावर जी चकती आहे तिला मात्र बीप नाही. एक वायर काढून, प्रोब घासून पुन्हा पुन्हा बघितलं, मीटर गप्प. म्हणजे हाय-लिमिटच गेला. चकतीच्या एका टोकावरची पितळी क्लिप काळीनिळी झाली आहे आणि तिथल्या वायरचं इन्सुलेशन बोटभर लांबीचं कडक होऊन तडकलं आहे. हात लावला की त्याचे तुकडे पडतात.

आणि हवेची वाट! दारातली जाळी मी दर वेळी साफ करते, ती स्वच्छच होती. पण जाळीच्या खालच्या पोकळीत करड्या रंगाचा भुसा गादीसारखा दाबून बसला होता. पाइप मशीन मागे सरकवताना भिंतीवर दबून चपटा झालेला. आणि सर्वांत मोठी गोष्ट बाल्कनीत सापडली. मागच्या वर्षी डेंग्यूच्या भीतीने आम्ही सगळ्या खिडक्यांना आणि भिंतीतल्या भोकांना बारीक मच्छरजाळी लावून घेतली होती. कामगाराने पाइपाच्या तोंडालाही ती लावली. आतून बघितलं तर त्या जाळीवर भुशाचा घट्ट पापुद्रा जमलेला. नखाने ओढला तर तो अख्खाच्या अख्खा निघून आला, कापडाच्या तुकड्यासारखा, आणि त्यावर जाळीचे चौकोन उमटलेले होते. हवा बाहेर जायला जागाच उरली नव्हती.

आता पार्ट घ्यायला जाताना काय काय बघायचं?

वाइंडिंगवाला

सापडलं कारण. मच्छरजाळी लावलेला पाइप मी आणखीही घरांत पाहिला. त्या तोंडावर कोणतीच जाळी नको, कबुतराची पण नको. बाहेरून झडपेचं तोंड मिळते, मशीन चालू झाली की हवेनं उघडते, बंद झाली की पडते. मच्छर, पाल, कबूतर काही येत नाही. पावसाळा संपला की आतून कापडाचा बोळा लावून ठेवा आणि मशीनवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा, नाहीतर पुढच्या वर्षी बोळ्यासकट चालू कराल.

पार्टचं सांगतो. जुनी चकती सोबत घेऊन जा. तिच्या पाठीवर तापमान अन् अँपिअर छापून राहते, भिंग लावून वाचा. आधी मशीनच्या दाराच्या चौकटीवरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पार्ट विचारा. ओरिजिनल मिळाला तर तोच घ्या, महाग पडला तरी. नाहीच मिळाला तर बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या स्पेअरच्या दुकानांत केएसडी ३०१ म्हणून ही चकती मिळते.

पण डोळे मिटून घेऊ नका. दुकानदार गिझरचा कट-आउट काढून देईल, दिसायला तसाच असते, त्याचं तापमान वेगळं असते. इस्त्रीचा थर्मोस्टॅट तर अजिबात नाही.

झिरोमाइल

काकांच्या यादीत थोडी भर घालतो.

तापमान जुन्यावर छापलंय तेच हवं. “दहा अंश जास्तीचा टाका, वारंवार उडणार नाही” असा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. ती हद्द हीटर, ड्रमचं सील आणि आजूबाजूचं प्लास्टिक बघून ठरवलेली असते. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील. तुमचा हीटर जवळपास नऊ अँपिअर घेतो, त्यामुळे दहाचा काठावर बसतो, सोळाचा मिळाला तर बरा. प्रकार नॉर्मली क्लोज्डच हवा, म्हणजे गार असताना जोडलेला. नॉर्मली ओपन दिसायला हुबेहूब असतो, तो लावला तर हीटर कधी सुरूच होणार नाही. हीटरच्या डब्यासाठी बेकेलाइटपेक्षा सिरॅमिक बॉडीचा घ्या. पट्टीची भोकं जुन्याशी जुळवून बघा, चकतीचं तोंड पत्र्याला पूर्ण टेकलं पाहिजे. अर्धवट टेकली तर तिला खरी गरमी उशिरा कळते.

चकती घरी आणल्यावर बसवण्याआधी एक तपासणी करता येते. इस्त्री कॉटनवर तापवा आणि तिची पिन काढा. मल्टीमीटर बीपवर ठेवून प्रोब चकतीच्या टोकांना क्लिपने लावा आणि चकतीचं धातूचं तोंड इस्त्रीच्या तळव्यावर ठेवा. थोड्या वेळात ‘टक’ असा स्पष्ट आवाज येतो आणि बीप थांबतो. बाजूला ठेवून गार होऊ द्या, पुन्हा ‘टक’, आणि बीप परत. आत वेगवेगळ्या धातूंचे दोन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. गरम झाल्यावर एक जास्त पसरतो, दुसरा कमी, आणि वाटीसारखी चकती एका क्षणी उलटी होते. पितळ पोलादाच्या साधारण दीडपट पसरतं, सगळा खेळ एवढ्यावर आहे. जॉन हॅरिसन नावाच्या इंग्रज घड्याळजीने अठराव्या शतकात जहाजावरच्या घड्याळासाठी दोन धातूंची पट्टी वापरली होती. तेच तत्त्व तुमच्या ड्रायरमध्ये, गिझरमध्ये आणि इस्त्रीत आहे.

तडकलेली वायर तशीच वापरू नका. काळा पडलेला भाग कापून टाका. नवा तुकडा जोडायचा तर घराच्या वायरिंगची पीव्हीसी वायर चालणार नाही, ती साधारण ७० अंशांपर्यंतच्या कामाची असते. सिलिकॉन किंवा फायबरग्लासच्या आवरणाची वायर घ्या. क्लिप नवी लावा आणि क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा, सोल्डर करू नका. साधं टिन-लेड सोल्डर १८३ अंशांना वितळायला लागतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. ढिली क्लिप स्वतःच तापते. तुमची काळीनिळी क्लिप बघता, चकती जाण्यात त्या ढिल्या जोडाचाही हात असावा असं मला वाटतं.

जवसघाणी

विषय थर्मोस्टॅटचा आहे, पण बाळंतिणीचं घर म्हटल्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचा तेलाचा धंदा आहे.

मालिशची दुपटी ड्रायरमध्ये टाकू नका. तेल लागलेलं सुती कापड गरम अवस्थेत ढीग करून ठेवलं तर ते आपणहून तापत जातं. तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, त्यात उष्णता निघते, आणि ढिगाच्या पोटातली उष्णता बाहेर पडत नाही. काही तासांनी, मशीन बंद असतानाही, तिथून धूर निघू शकतो. त्या वेळी थर्मोस्टॅट कितीही चांगला असला तरी काही करू शकत नाही, कारण हीटर आधीच बंद असतो.

सगळी तेलं सारखी नाहीत. आपल्या विदर्भात जवस आणि करडई घरोघर. यात जवसाचं तेल सर्वांत धोक्याचं, ते फार लवकर ऑक्सिजन घेतं, म्हणून तर रंगात आणि पॉलिशमध्ये वापरतात. त्याखालोखाल करडई. तीळ मधला. खोबरेल तेलाचा हा धोका बराच कमी. पण बाळाच्या अंगाला तिळाचं तेल लावतात, स्वयंपाकघरातल्या फडक्यांना करडई किंवा सोयाबीन लागलेलं असतं, आणि पावसाळ्यात सगळं एकाच ड्रायरमध्ये जातं. थंड पाण्याच्या धुण्याने तेल पूर्ण जात नाही. ज्या कापडाला धुतल्यावरही तेलाचा वास येतो ते दोरीवरच वाळवा.

ड्रायरच्या शेवटी गार हवेची काही मिनिटं असतात, ती होऊ द्या. घाईने मध्येच बंद करून गरम कपड्यांचा गोळा टोपलीत दाबून ठेवू नका. काढून पसरा.

त्रिमूर्तीनगर

जवसघाणी, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आई मालिशला तिळाचंच तेल वापरते, आणि मालिशची दुपटी गेली काही आठवडे ड्रायरमध्येच जात होती. आजपासून ती वेगळ्या बादलीत ठेवतोय.

हिंगणारोड

एमसीबीचं वाचलं. माझ्या डोक्यात तिचं काम वेगळंच होतं. जोडणी काढून टाकली, ड्रायर सध्या बंद. माझ्या चकतीवरचे आकडे पुसले गेले आहेत. तापमान कसं कळेल?

झिरोमाइल

फार चांगलं केलंत. मॉडेल नंबरवरून सर्व्हिस सेंटरला पार्ट नंबर विचारा, अंदाजाने टाकू नका. अमेरिकेतून आणलेलं मशीन असेल तर आकडे फॅरेनहाइटमध्ये असतात. १५५ वाचून सेल्सिअस समजू नका, ते ६८ अंश होतात.

त्रिमूर्तीनगर

झालं! सर्व्हिस सेंटरने पार्ट मागवून देतो म्हटलं, पण किती दिवस लागतील ते सांगेनात. बर्डीवर त्याच तापमानाची, सोळा अँपिअरची सिरॅमिक चकती मिळाली. पहिल्या दुकानदाराने खरंच गिझरचा कट-आउट पुढे केला होता, भावाने जुनी चकती शेजारी ठेवून आकडे वाचले म्हणून कळलं. इस्त्रीवरची तपासणी केली, तो ‘टक’ ऐकायला सगळं घर जमलं होतं.

काळी वायर कापून फायबरग्लासची टाकली, क्लिपा नव्या. पोकळीतला भुसा ब्रश आणि व्हॅक्यूमने काढला. प्लास्टिकच्या घडीच्या पाइपाऐवजी ॲल्युमिनियमचा, जमेल तितका आखूड आणि एकाच वळणाचा. मच्छरजाळी काढून झडप बसवली. चालू केल्यावर झडप आपोआप उघडते, हात धरला तर वारा जोरात लागतो.

आता हीटर मध्ये मध्ये बंद होतो की सतत चालू राहतो, हे बाहेरून कळायचा काही उपाय आहे का? वायरीभोवती धरून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर आमच्याकडे नाही.

झिरोमाइल

आहे, घराच्या वीज मीटरवर. घरातलं बाकी सगळं, फ्रिजसुद्धा, थोडा वेळ बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. तो आकडा ३२०० असेल तर हीटर चालू असताना दिवा सेकंदाला साधारण दोनदा लुकलुकेल. थर्मोस्टॅटने हीटर बंद केला आणि नुसती मोटर उरली की लुकलुक चार-पाच सेकंदांनी एकदा होईल. सुरुवातीला कपडे ओले असताना हीटर बराच वेळ सलग चालतो, तो ठीक आहे. कपडे वाळत आले की चालू-बंद चालू-बंद व्हायला लागतो, ते चालवणाऱ्या थर्मोस्टॅटचं काम. ओले कपडे असतानाच पहिल्या पाच मिनिटांत बंद व्हायला लागला तर हवा अजून कुठेतरी अडते आहे, लगेच थांबवा.

स्वयंपाकघरातला प्रोब थर्मामीटर असेल तर झडपेपाशी धरा. बाहेर पडणारी हवा साधारण ५० ते ७० अंशांच्या दरम्यान असावी.

त्रिमूर्तीनगर

पाहिलं. आधी सलग जोरात, मग अर्ध्या तासाने चालू-बंद. दुपटी एका फेरीत कोरडी झाली, दार उघडल्यावर चटका नाही.

वाइंडिंगवाला

बेस. मागचं झाकण लावताना सारे स्क्रू लावले नं? पत्र्याची अर्थिंगची हिरवी वायर त्याच स्क्रूखाली येते बऱ्याच मशिनींत.

त्रिमूर्तीनगर

हो काका, फोटो बघून लावली. मीटरवरही बघितलं, पिनच्या अर्थपासून पत्र्यापर्यंत बीप येतो.

गोधनी_रोड

धाग्यात मध्येच घुसतोय, पण विषय जवळचा आहे. माझं वॉशर-ड्रायर एकत्र आहे, त्यात चकतीऐवजी दोन वायरींचा सेन्सर आहे. मे महिन्यात मोजला तेव्हा ५.४ किलोओहम आला. माहितीपत्रकात १० किलोओहम लिहिलंय. खराब समजून नवीन मागवला, तो आज आला. बदलू का?

झिरोमाइल

थांबा, पाकीट फोडू नका. तो एनटीसी थर्मिस्टर आहे, गरमी वाढली की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. माहितीपत्रकातले १० किलोओहम २५ अंशांचे असतात. नागपूरच्या मे महिन्यात घरात ४० अंश असतील तर या प्रकारचा चांगला सेन्सर पाच-साडेपाचच दाखवणार. आता खोलीत ३० अंशांच्या आसपास असेल, तर आठच्या जवळ यायला हवा. बर्फाच्या पाण्यात, पिशवीत गुंडाळून धरला तर तेहतीसच्या आसपास. सेन्सरची एक बाजू सॉकेटमधून काढून पुन्हा मोजा.

गोधनी_रोड

आत्ता मोजला, भिंतीवरच्या थर्मामीटरवर ३० आणि सेन्सर ८.१. बर्फात ३३ च्या थोडा खाली. पार्ट उद्या परत पाठवतो.